दोषाचे स्थलांतर

कपडे धुण्याच्या यंत्रात, पेट्रोलपंपावरील मापकात, वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक तराजूत, लिफ्टच्या बटणांमागे आणि मधुमेही रुग्णाच्या हातातील रक्तशर्करामापकात जो नखाएवढा गणकघटक अहोरात्र आपले नेमून दिलेले काम करीत असतो, त्या मायक्रोकंट्रोलरचा इतिहास आजवर बहुधा त्याच्या वाढत्या सामर्थ्याचा इतिहास म्हणूनच सांगितला गेला आहे. स्मृती किती वाढली, वेग किती पटींनी चढला, किंमत किती उतरली, अशा आकड्यांनी त्याची प्रकरणे भरलेली असतात. परंतु ज्यांनी या घटकांसाठी प्रोग्रॅम लिहिण्यात उमेदीची वर्षे घालवली त्यांना विचारावे, तर त्यांच्या दिवसाचा मोठा हिस्सा प्रोग्रॅम लिहिण्यात नव्हे, तर लिहिलेला प्रोग्रॅम चिपपर्यंत का पोहोचत नाही आणि पोहोचल्यावर ठरल्याप्रमाणे का वागत नाही, या दोन प्रश्नांच्या तपासात खर्ची पडला असे ते सांगतील. मायक्रोकंट्रोलरला स्वतःचा पडदा नाही, कळफलक नाही, आपली कैफियत मांडण्याचे कोणतेही साधन नाही. त्याच्या अंतरंगात काय घडले हे जाणण्यासाठी दुसऱ्या, मोठ्या संगणकावरून त्याच्याकडे वाट काढावी लागते. ही वाट गेल्या पन्नास वर्षांत कशी बांधली गेली, याचा वृत्तांत पाहताना एक गोष्ट मला पुनःपुन्हा जाणवते. सुधारणेमुळे दोष नाहीसा झाला असे क्वचितच घडले. बहुतेक वेळा त्याने केवळ बिऱ्हाड बदलले, आणि नवा पत्ता कळेपर्यंत माणसे जुन्याच घराचे दार ठोठावीत राहिली.

आरंभी अशी वाटच नव्हती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गॅरी बून आणि मायकेल कॉक्रन यांनी १९७१ साली सिद्ध केलेला आणि १९७४ पासून बाजारात आलेला टीएमएस १००० हा चार बिटांचा घटक घ्या. ज्या मास्कच्या साहाय्याने सिलिकॉनवर थर उमटवले जात, त्या मास्कमध्येच त्याचा प्रोग्रॅम कायमचा कोरलेला असे. ग्राहकाने मसुदा पाठवावा, कारखान्याने त्याबरहुकूम मास्क तयार करावा, आणि हजारोंच्या संख्येने माल हाती आल्यावर एखादी चूक निदर्शनास आली तर तो सारा साठा रद्दबातल ठरावा, असा तो मामला होता. त्यामुळे तपास प्रोग्रॅम चिपमध्ये शिरण्यापूर्वीच पुरा करणे भाग असे. त्यासाठी मोठ्या संगणकावर लहान गणकाची हुबेहूब नक्कल चालवणारे सिम्युलेटर लिहिले जात. कॅलिफोर्नियात माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात अध्यापन करणारे गॅरी किल्डॉल यांनी इंटेल कंपनीचे सल्लागार म्हणून असे सिम्युलेटर आणि पीएल/एम ही भाषा तयार केली होती. सिम्युलेटर आज्ञांचा क्रम बिनचूक तपासतो. पण दाबलेल्या बटणाचा धातू क्षणभर थरथरतो आणि एका स्पर्शाचे दहा स्पर्श होतात, किंवा मोटर सुरू होताच विजेचा दाब खाली बसतो, हे त्याला ठाऊक नसते. बाहेरच्या जगाशी संबंध आला रे आला की जे दोष प्रकट होतात, त्यांच्यापुढे ही विद्या तोकडी पडे.

पहिली खरी वाट निघाली तीही, विशेष म्हणजे, एका बिघाडाच्या तपासातूनच. १९७० च्या सुमारास इंटेलमध्ये नव्याने रुजू झालेले डोव्ह फ्रोमन हे अभियंते ११०१ या स्मृतिचिपेतील दोषाचा शोध घेत होते. ज्या ट्रान्झिस्टरांच्या गेटची जोडणी तुटली आहे, त्यांच्या त्या एकाकी पडलेल्या गेटवर विद्युतभार अडकून राहतो आणि त्यामुळे ट्रान्झिस्टरची वागणूक बदलते, असे त्यांच्या ध्यानी आले. दुसऱ्या कोणी ही केवळ उत्पादनातील खोट मानून सोडून दिली असती. फ्रोमन यांनी मात्र हीच खोट हेतुपूर्वक घडवून आणली, तर वीज गेल्यावरही टिकणारी आणि पुन्हा लिहिता येणारी स्मृती साधेल, असा तर्क केला. १९७१ साली १७०२ ही २०४८ बिटांची ईप्रॉम बाजारात आली. अडकलेला भार मोकळा करण्यासाठी तिच्यावर अतिनील प्रकाश सोडावा लागे, आणि तो आत पोहोचावा म्हणून चिपच्या पाठीवर स्फटिकाची पारदर्शक खिडकी बसवलेली असे.

ही खिडकी १९७६ साली इंटेलच्या ८७४८ या मायक्रोकंट्रोलरच्या पाठीवर आली, आणि पुढे १९८० साली ज्याचा अवतार झाला त्या सुविख्यात ८०५१ च्या ८७५१ या भावंडालाही लाभली. ज्यांनी त्या काळात काम केले त्यांचा दिनक्रम या खिडकीने आखून दिला होता. प्रोग्रॅम तयार झाला की चिप प्रोग्रामर नावाच्या यंत्राच्या खाचेत बसवून बर्न करायची, मग ती उपसून सर्किटच्या मंडळावर लावायची, वीज द्यायची, दोष दिसला की पुन्हा उपसून दिव्याच्या पेटीत ठेवायची आणि पंधरावीस मिनिटे वाट पाहायची. २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या त्या किरणांचा डोळ्यांना अपाय होतो म्हणून पेटीचे झाकण लावल्याखेरीज दिवा पेटणार नाही अशी तजवीज केलेली असे. शहाणी माणसे अशा अनेक चिपा पाळीपाळीने फिरवीत, म्हणजे एक पुसली जात असताना दुसरी चालत राही. खिडकीवर कागदी चिकटपट्टी लावणे हा नेम होता, आणि त्यामागे सबळ कारण होते: इंटेलच्या माहितीपत्रकानुसार साध्या ट्यूबलाइटच्या उजेडात उघडी पडलेली ईप्रॉम सुमारे तीन वर्षांत पुसली जाते, आणि थेट उन्हात ठेवल्यास एका आठवड्यात. पट्टी गळून पडल्यामुळे यंत्राने कालांतराने भलतेच वागावे आणि प्रोग्रॅमच्या कागदांवर त्याचे कोणतेही कारण सापडू नये, हे दुःख त्या काळाचे खास दुःख होते.

या विलंबाने माणसांना एक वळण लावले. प्रत्येक प्रयत्नाची किंमत अर्धा तास असल्यामुळे माणूस चिप दिव्याखाली ठेवून कागदावरची आज्ञावली पुन्हा वाचू लागे, आणि पुष्कळ दोष त्या वाचनातच सापडत. तो काळ परत यावा असे मी म्हणणार नाही, कारण त्यात वाया गेलेले तासही असंख्य होते. पण वाचून दोष शोधण्याची जी सवय त्या पिढीच्या अंगवळणी पडली, तिच्यासारखे शिक्षण नंतरच्या कोणत्याही साधनाने दिले नाही, असे मला मनापासून वाटते.

ज्या कंपन्यांपाशी पैसा होता त्यांच्यासाठी दुसरी व्यवस्था होती. १९७५ च्या सुमारास इंटेलने आपल्या विकाससंचाबरोबर इन-सर्किट एम्युलेटर हे साधन दिले: मंडळावरील गणकचिप काढून तिच्या जागी जाड केबलच्या टोकाचा खुंट बसवायचा, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या यंत्राने त्या चिपची मुखत्यारी करायची. चालता प्रोग्रॅम हव्या त्या आज्ञेशी तहकूब करता येई, रजिस्टरांतील मजकूर वाचता येई, एकेक पाऊल पुढे टाकता येई. हे वैभव हजारो डॉलरांना पडे, म्हणून ते मोठ्या कारखान्यांतच दिसे. आणि येथेही दोषाने आपले ठिकाण बदललेच. केबलच्या लांबीमुळे संकेतांना विलंब होई, एम्युलेटरचा वीजपुरवठा खऱ्या मंडळाहून निराळा असे. परिणामी जो प्रोग्रॅम एम्युलेटरवर निर्दोष चाले तो प्रत्यक्ष चिप बसवताच कोसळे, आणि तपासाचे साधन स्वतःच तपासाचा विषय होऊन बसे.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत या इतिहासाचे जे रूप पोहोचले ते अर्थातच काटकसरीचे होते. प्रयोगशाळेत ८०८५ चे प्रशिक्षण-संच असत. रमेश गावकर यांचे त्या गणकावरील पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती असे. आज्ञांचे षोडशमान सांकेतिक आकडे तक्त्यावरून हाताने काढून, लहानशा कळफलकावरून एकेक भरायचे, आणि लाल आकड्यांच्या सहा घरांत पत्ता व मजकूर पाहायचा. वीज गेली की सारा मजकूर गेला, आणि वीज जाणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट कधीच नव्हती. तथापि या गरीब संचात एक मोलाची सोय होती: प्रोग्रॅम पावलापावलाने चालवण्याची आणि प्रत्येक पावलानंतर रजिस्टरे उघडून पाहण्याची कळ. एम्युलेटरने श्रीमंतांना जे दिले त्याचाच हा साधा, शालेय अवतार होता, आणि याच विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून ८०५१ जातीची चिप विकत आणली, की ही सोय त्याच्या हातून निसटे. तेथे त्याच्यापाशी उरे तो जर्मनीतील कायल कंपनीच्या सॉफ्टवेअरचा विनामूल्य नमुना, जो २ किलोबाइटांपलीकडे प्रोग्रॅम जोडून देत नसे. प्रकल्प वाढत जाऊन नेमका त्या मर्यादेशी अडला की आपली कोणती आज्ञा चुकली याचा शोध विद्यार्थी करीत बसे, आणि चूक आज्ञेत नसून परवान्यात आहे हे त्याला कोणीतरी जाणत्याने सांगावे लागे.

दरम्यान १९९३ हे साल या इतिहासातील मोठे वळण ठरले. तोशिबामध्ये फुजिओ मासुओका यांनी शोधलेली फ्लॅश स्मृती विजेनेच पुसता येत होती. तिला ना दिवा लागे, ना खिडकी. इंटेलने १९८८ साली ती व्यापारी प्रमाणावर आणली. त्या कंपनीच्या फ्लॅश तंत्रज्ञानाच्या शोधकांत, पुढे पेंटियममुळे प्रसिद्धी पावलेले आणि जन्माने पुण्याचे असलेले विनोद धाम हेही होते. जॉर्ज पर्लेगॉस यांच्या ॲटमेल कंपनीने १९९३ मध्ये ८०५१ च्या रचनेत फ्लॅश बसवली, आणि त्याच वर्षी मायक्रोचिपने विजेने पुसली जाणारी स्मृती असलेला पिक १६सी८४ बाजारात आणला. त्यातला प्रोग्रॅम दोन तारांवरून आणि वाढीव वीजदाबाच्या साहाय्याने बदलता येई. चारदोन ट्रान्झिस्टर आणि रोध जोडून, संगणकाच्या प्रिंटर-पोर्टाला लावता येईल असा प्रोग्रामर घरबसल्या तयार करता येऊ लागला. हौशी माणसाला या धंद्याचे दार उघडले ते या दिवसापासून.

दिव्याखालचा अर्धा तास वाचला. पण दोष आता चिपच्या पाठीवरून उठून संगणकाच्या पोटात शिरला होता. घरगुती प्रोग्रामर चालवणारे सॉफ्टवेअर प्रिंटर-पोर्टाच्या ३७८ या पत्त्यावर थेट मजकूर टाकीत असे आणि विंडोज ९५ व ९८ मध्ये त्याला कोणी अटकाव करीत नसे. विंडोज एनटीच्या घराण्यातील प्रणालींनी मात्र सामान्य प्रोग्रॅमला पोर्टाशी परस्पर व्यवहार करण्याची मुभा नाकारली, आणि २००१ साली विंडोज एक्सपीच्या रूपाने ती शिस्त घरोघर आली. काल चालणारा प्रोग्रामर आज मुका झाला; माणसे तारा तपासू लागली, रोध बदलू लागली, चिप जळाली असे समजून नवी आणू लागली. खरा अडसर परवानगीचा होता आणि त्यावरील उतारा म्हणजे गिव्हआयओ नावाचा चिमुकला ड्रायव्हर, जो प्रणालीच्या गाभ्यात बसून पोर्टांची सनद सर्वांना देऊन टाकी. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही तजवीज घातक होती यात शंका नाही. पण सहस्रावधी हौशी कारागिरांची कामे तिच्यावाचून बंद पडली असती हेही तितकेच खरे.

नॉर्वेतील ट्रॉनहाइमच्या तंत्रविद्यालयात आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी आखलेली एव्हीआर ही चिप ॲटमेलने १९९७ च्या सुमारास विक्रीस आणली. सी भाषेतला प्रोग्रॅम तिच्यावर सुलभतेने चालावा म्हणून स्वीडनच्या आयएआर या कंपायलर तयार करणाऱ्या कंपनीचा सल्ला आराखड्याच्या वेळीच घेतला गेला होता, ही दूरदृष्टी प्रशंसनीय होती. तिच्यासाठी मुक्त कंपायलर तयार झाला, आणि ब्रायन डीन यांनी फ्रीबीएसडी प्रणालीसाठी आरंभलेले एव्हीआरड्यूड हे चिपेत प्रोग्रॅम उतरवणारे सॉफ्टवेअर पुढे जगभर पसरले. या चिपेत फ्यूज नावाचे काही बिट असतात, आणि चिपने आपला ताल आतल्या घड्याळावरून घ्यावा की बाहेरच्या स्फटिकावरून, हे ते ठरवतात. या बिटांत एक आकडा चुकला, म्हणजे चिप अस्तित्वात नसलेल्या स्फटिकाची वाट पाहत बसते आणि कोणत्याही हाकेला ओ देत नाही. अशा मृतवत चिपा किती जणांनी कचऱ्यात टाकल्या असतील याची मोजदाद नाही. वस्तुतः तिच्या घड्याळाच्या पायावर बाहेरून ताल पुरवला, की ती पुन्हा बोलू लागते आणि फ्यूज दुरुस्त करता येतात. कोऱ्या चिपेचीही अशीच फसगत होई. ॲटमेगा ८ ही एव्हीआर जातीची चिप कारखान्यातून १ मेगाहर्ट्झच्या संथ तालावर निघते, आणि प्रोग्रामरचा ताल चिपच्या तालाच्या चौथाईहून कमी असावा लागतो. उतावळ्या प्रोग्रामरला कोरी चिप सदोष वाटे, आणि ताल मंद करताच ती तात्काळ हजेरी देई.

आता उत्तर इटलीतील इव्रेया या गावाकडे वळले पाहिजे, आणि तेथे थोडे थांबलेही पाहिजे. १९०८ साली कामिल्लो ऑलिव्हेत्ती यांनी येथे टंकलेखनयंत्रांचा कारखाना काढला, आणि पुढील अर्धशतकात त्या घराण्याने कामगारांसाठी वसाहती, बालोद्याने, ग्रंथालये उभारून गावाचे स्वरूपच पालटून टाकले. ऑलिव्हेत्तीचे वैभव ओसरल्यावर, २००१ मध्ये, या गावात संवादी रचनेचे शिक्षण देणारी छोटी संस्था निघाली. तिचे विद्यार्थी चित्रकार होते, वास्तुरचनाकार होते, अभियंते थोडेच. त्यांना मायक्रोकंट्रोलर हवा होता, पण फ्यूज, कंपायलर आणि प्रोग्रामर यांच्या दप्तरदिरंगाईत पडण्याची त्यांची तयारी नव्हती. कोलंबियाहून आलेले विद्यार्थी एर्नांदो बार्रागान यांनी आपल्या प्रबंधासाठी वायरिंग ही प्रणाली रचली: एकच खिडकी, मोजक्या कळा, सोपी भाषा, आणि मंडळ यूएसबीला जोडून कळ दाबली की प्रोग्रॅम चिपेत. तिच्याच पायावर २००५ साली मास्सिमो बान्झी, दाविद क्वार्तिएल्येस, डेव्हिड मेलिस, टॉम आयगो आणि जानलुका मार्तिनो यांनी आर्दुइनो उभे केले. संस्था त्या सुमारास इव्रेयातून हलवली जात होती, आणि काम बुडू नये म्हणून आराखडे सर्वांना खुले करण्यात आले. बार्रागान यांच्या श्रमांना या कीर्तीत जो वाटा मिळायला हवा होता तो पुष्कळ काळ मिळाला नाही, हे येथे नोंदवणे मला अगत्याचे वाटते.

आर्दुइनोची किमया बूटलोडर नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये होती. तो चिपेत आधीच वस्तीला असतो. चिप नव्याने सुरू झाली की तो सिरीयल तारेवर क्षणभर कान देतो, संगणकाकडून नवा प्रोग्रॅम येत असेल तर तो स्वीकारून फ्लॅशमध्ये लिहितो, नसेल तर जुन्यालाच चालू करून बाजूला होतो. प्रारंभीच्या मंडळांवर हा क्षण साधण्यासाठी रीसेटची कळ हाताने दाबावी लागे. २००७ च्या दिएचिमिला या मंडळात संगणकाच्या डीटीआर या संकेतरेषेतून, १०० नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमार्फत, ही कळ आपोआप दाबली जाऊ लागली. वेगळा प्रोग्रामर संपला. परंतु आता प्रोग्रॅम चिपपर्यंत जाण्यासाठी यूएसबीचा ड्रायव्हर, यूएसबीचे सिरीयलमध्ये रूपांतर करणारी दुय्यम चिप, तो कपॅसिटर आणि बूटलोडर, या साऱ्यांनी एकमेकांशी बिनतक्रार सहकार्य करणे आवश्यक झाले; आणि यांपैकी कोणीही चुकले तरी पडद्यावर उमटणारा संदेश एकच असे: प्रोग्रामर उत्तर देत नाही, किंवा ताळमेळ जुळत नाही.

या एका वाक्यामागे इतकी निरनिराळी कारणे दडलेली असत, की त्यांची रुजवात करण्याचे एक शास्त्रच हळूहळू तयार झाले. मेनूतून मंडळाचे चुकीचे नाव निवडलेले असेल. पोर्टाचा क्रमांक दुसऱ्याच उपकरणाचा असेल. शून्य आणि एक या क्रमांकांच्या पायांवर, जे सिरीयल संवादाचेच पाय आहेत, कोणी एखादे संवेदक जोडून ठेवले असेल. यांपैकी काहीच नसेल, तर जाणता माणूस एक सुंदर परीक्षा करी. रीसेटचा पाय जमिनीला जोडून मुख्य चिप निद्रिस्त करायची, शून्य आणि एक हे पाय तारेने परस्परांना जोडायचे, आणि संगणकावरून अक्षरे पाठवायची. पाठवलेली अक्षरे जशीच्या तशी परत आली तर संगणक, ड्रायव्हर, यूएसबीची तार आणि दुय्यम चिप एवढे सारे निर्दोष ठरले, आणि तपास मुख्य चिपपुरता उरला. लांब वाटेचे मध्यावर दोन तुकडे करून दोष कोणत्या अर्ध्यात आहे हे आधी ठरवण्याची ही रीत कोणत्याही पुस्तकी व्याख्येपेक्षा अधिक शिकवून जाते.

काही दोष मात्र या परीक्षेलाही चकवीत. ॲटमेगा २५६० या मोठ्या चिपेच्या आर्दुइनो मंडळावर सुरुवातीला जो बूटलोडर होता, त्यात त्याच्या रचनाकारांनी स्वतःच्या तपासासाठी एक गुप्त दालन ठेवले होते, आणि लागोपाठ तीन उद्गारचिन्हे आली की ते उघडत असे. हे दालन विक्रीच्या मालातही तसेच राहिले. परिणामी ज्याने आपल्या प्रोग्रॅममधील एखाद्या संदेशात आनंदाच्या भरात तीन उद्गारचिन्हे लिहिली, त्याचा प्रोग्रॅम चिपेत उतरताना त्या ठिकाणी पोहोचताच अडकून पडे. एक चिन्ह खोडले की सारे सुरळीत चाले, आणि हे कोणाच्या कल्पनेत यावे? दोष शोधण्यासाठी ठेवलेली वाटच दोषाचे कारण झाली, हा या इतिहासातील सर्वांत बोधक दाखला मी मानतो. याच ॲटमेगा २५६० चिपेवर मुंबईच्या आयआयटीतील ई-यंत्र प्रकल्पाचा फायरबर्ड ५ हा यंत्रमानव उभा होता, आणि त्यावर आपल्याकडील अनेक विद्यार्थ्यांनी हे शास्त्र गिरवले.

दुय्यम चिपेचा प्रश्न व्यापारी स्वरूपाचा होता. स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीची चिप लोकप्रिय होताच तिच्या नकला बाजारात आल्या, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोजच्या अद्ययावतीकरणातून पोहोचलेल्या त्या कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळखक्रमांक शून्य करून टाकला. उपकरणे अकस्मात निकामी झाली. पुष्कळ ग्राहकांना आपल्या मंडळावर नक्कल आहे याची वार्ताही नव्हती. ओरड झाली, आणि कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. नकलेविरुद्ध कंपनीची फिर्याद न्याय्य होती, पण तिची जप्ती निरपराध माणसाच्या टेबलावर झाली, आणि ते माझ्या मते सर्वस्वी अनुचित होते.

वाट सुकर झाली, तरी चिपेच्या अंतरंगात डोकावण्याचा प्रश्न आर्दुइनोने सोडवला नव्हता. वापरणारे लोक ठिकठिकाणी सिरीयल तारेवर संदेश छापण्याच्या आज्ञा पेरून तपास करीत. ९६०० या वेगाने एक अक्षर पाठवायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. म्हणजे तीस अक्षरांचा संदेश प्रोग्रॅमच्या वेळापत्रकात चांगलाच व्यत्यय आणी, आणि कित्येकदा संदेश काढताच दोष परत येई. शिवाय आर्दुइनोच्या मंडळांवरील ॲटमेगा ३२८ मध्ये चालू कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. तपासाचे संदेश तीच व्यापून टाकीत आणि चिप मध्येच नव्याने सुरू होऊ लागे. चिपेत डीबगवायर नावाची, रीसेटच्याच पायावरून आत पाहू देणारी सोय वास्तविक होती. पण त्याच पायावर आपोआप रीसेट करणारा तो कपॅसिटर बसलेला असल्यामुळे ती निरुपयोगी ठरे, आणि आर्दुइनोच्या उनो मंडळावरील त्यासाठी राखलेली बारीक पट्टी चाकूने कापल्याखेरीज तिचा उपयोग होत नसे.

यापेक्षा सरळ उपाय दुसऱ्याच दिशेने येत होता. १९८५ साली युरोपातील इलेक्ट्रॉनिक कंपन्यांचा जो गट मंडळावरील झाळकाम तपासण्याच्या प्रश्नावर विचार करण्यासाठी एकत्र आला, त्याच्या जेटॅग या पद्धतीला १९९० मध्ये प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. जोडणी तपासण्यासाठी आखलेल्या या चार तारांतून गणकाच्या अंतरंगातही शिरता येते हे लवकरच उमगले, आणि एआरएम७टीडीएमआय या गणकात प्रोग्रॅम थांबवण्याची व पाहण्याची यंत्रणा सिलिकॉनमध्येच बांधून टाकण्यात आली. केबलच्या टोकाशी बसणारा हजारो डॉलरांचा एम्युलेटर चिपेत सामावला गेला. २००५ साली जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे डॉमिनिक राट यांनी पदविकेच्या प्रबंधासाठी लिहिलेल्या ओपनओसीडी या मुक्त सॉफ्टवेअरने, रिचर्ड स्टॉलमन यांच्या १९८६ पासून चालत आलेल्या जीडीबी या दोषशोधकाशी हात मिळवला, आणि जे पूर्वी कारखान्याच्या कुलपात असे ते सामान्य विद्यार्थ्याला उपलब्ध झाले.

२०२१ साली आलेल्या रास्पबेरी पाय पिको या चार डॉलरांच्या मंडळावर तपासाच्या तारा जोडण्याची जागा मुळातच दिलेली आहे, आणि प्रोग्रॅम उतरवण्यासाठी ते संगणकावर साध्या डिस्कप्रमाणे दिसते. ड्रायव्हर नको, पोर्टाचा क्रमांक नको, फाइल ओढून टाकली की काम झाले. तरीही मंडळाला वीज मिळते आणि संगणकावर डिस्क काही दिसत नाही, अशी तक्रार नवशिक्यांकडून येते. त्याचे एक सामान्य कारण आता केबलमध्ये आढळते: मोबाइल चार्ज करण्यापुरत्या विकल्या जाणाऱ्या स्वस्त केबलींत विजेच्या दोनच तारा असतात, मजकूर वाहून नेणाऱ्या दोन नसतातच. जाणते लोक म्हणून अशा वेळी सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी मजकूर वाहून नेते अशी खात्री असलेली दुसरी केबल लावून पाहतात, आणि मगच पुढचा तपास हाती घेतात.